आंब्यावरचा आळ

घरातल्या धाकट्या वासाला पुन्हा हुडहुडी भरली ती बुधवारी, आणि गुरुवारी सकाळची पेज संपायच्या आत थोरल्या अक्काने निकाल देऊन टाकला. अंगणातला आंबा तोडायचा.

सगळ्यांच्या हातात बाजरीच्या पेजेचे वाडगे होते.  बाफिंगने वाडगा एका घोटात रिकामा केला आणि कुऱ्हाड शोधायला उठला. शेतावर चार हाका मारल्याशिवाय न हलणारा हा माणूस इतक्या चपळाईने उठलेला पाहून अक्काच्या धाकट्या भावाला, चेकुरामास्तरांना, आपल्या मुलाचं कौतुकही वाटलं आणि संशयही आला.

"अक्का, त्या झाडाने काय केलंय?" त्यांनी विचारलं.

"पंधरवड्यात तिसरं पोर पडलं. आधी पलीकडच्या खोलीतली जुळी, आता वासा. तिघांच्याही ओठांना आंब्याचा चीक लागून फोड आलेत. काय केलंय म्हणून मलाच विचारतोस?"

"ताप डासांमुळे येतो, अक्का. मी चाळीस वर्षं शाळेत हेच—"

"चाळीस वर्षं डास डास करतोयस. डास मलाही चावतात. शहात्तर वर्षं चावतायत. मला का नाही येत ताप?"

याला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. आणि चेकुरा सहा वर्षांचे असल्यापासून त्यांची लांबलचक उत्तरं ऐकून घेण्याचा धीर सितानअक्काला कधीच झालेला नव्हता. थोरला भाऊ गेल्यापासून जारा घराण्याच्या या मोठ्या अंगणात तिचाच शब्द शेवटचा. तिने वाडगा खाली ठेवला आणि मुद्दा एका दमात संपवला.

"या आजाराचं नाव काय? सुमाया. सुमाया म्हणजे काय? थंडावा. ओल. आता सांग, या घरात सगळ्यात ओलं, गोड आणि थंडगार काय आहे? पाऊस सुरू झाला की आंबे पिकून पडतात, पोरं ते खातात आणि त्याच आठवड्यात कुडकुडायला लागतात. दरवर्षी. मी शाळेत गेले नाही, पण मला दोन डोळे आहेत."

हीच तर पंचाईत होती. अक्काचं पाहणं चुकीचं नव्हतं. आंबा पिकायचा आणि ताप यायचा, दोन्ही दरवर्षी हातात हात घालूनच येत. सेगू शहरापासून खाली नदीकाठच्या प्रत्येक गावात म्हाताऱ्या माणसांनी हेच पाहिलं होतं आणि हीच बेरीज केली होती.

बाफिंग कुऱ्हाड घेऊन आला. धार कालच लावलेली दिसत होती.

"आत्या सांगते ते खरं आहे बाबा," तो म्हणाला. "आणि जागाही मोकळी होईल."

"कसली जागा?"

"म्हणजे... तशी. बाजरी दळायची चक्की टाकायची म्हटली तर."

त्याची बायको, वासाची आई मासारान, हौदाजवळ भांडी घासत होती. पाचवा महिना होता तिला. नवऱ्याचं बोलणं ऐकून तिने हातातली कढई जरा जास्तच जोरात आपटली. थोरल्यांच्या बैठकीत सुनेने बोलायचं नसतं, पण कढईला कोण अडवणार?

अक्काची नात न्यागाले मात्र थेट मास्तरांच्या बाजूने आली. तिचं लग्न दोन महिन्यांवर होतं. "आजी, लग्नाला दोनशे माणसं येतील. झाड तोडलं तर त्यांना काय उन्हात भाजायचंय?"

"मांडव घालू."

"मांडवाखाली गरम होतं. आंब्याखाली वारा लागतो."

"तुझी सासू आली की तिच्या तोंडाकडे बघ, आपोआप गार वाटेल," अक्का म्हणाली आणि विषय संपला.

तेवढ्यात सायकलची घंटा वाजली, आणि फाटकातून आरडाओरडा आत आला.

"चवळीखाऊंनो! कोणी शुद्धीवर आहे का, की कालची चवळी पचवत सगळे आडवे झालात?"

गावचा आरोग्यसेवक सेरीबा त्राओरे. सायकलच्या मागे औषधांची निळी पेटी बांधलेली. जारा आणि त्राओरे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे सोयरे. त्राओऱ्याने जाराला चवळीखाऊ, गुलाम, काहीही म्हणावं, जाराने त्राओऱ्याला त्याहून वाईट बोलावं, पण कोणी कोणावर रागवायचं नाही, हात उगारायचा नाही. आणि सोयऱ्याने थट्टेत मागितलेलं मोडायचंही नाही.

"आला भुकेला," अक्काचा चेहरा तिच्याही नकळत खुलला. "त्राओऱ्यांकडे आज चूल पेटलेली दिसत नाही. मासारान, त्याला पेजेचा वास घेऊ दे, पण वाडगा देऊ नकोस."

"माझ्या गुलामांच्या घरची पेज मी पीतही नाही," सेरीबा म्हणाला आणि वाडगा घेऊन बसला.

पेज पिऊन झाल्यावर त्याने हात धुतले आणि वासाला मांडीवर घेतलं. पाच वर्षांची वासा उन्हात बसूनही चादरीत गुंडाळलेली होती. डोळे खोल गेले होते, तळहात पांढुरके पडले होते. सेरीबाने तिच्या बोटाला हलकेच सुई टोचली. रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि वर औषधाचे थेंब सोडले. मग पंधरा मिनिटं तो तिला सांगत बसला की जारांचं रक्त लाल दिसतं खरं, पण खाली साखळायला ठेवलं की तळाशी चवळी बसते. वासा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"दोन रेघा म्हणजे आहे," सेरीबा म्हणाला. "या गोळ्या आत्ता, काहीतरी खाल्ल्यावर, मग संध्याकाळी, असं तीन दिवस. उद्या ही उड्या मारायला लागेल. लागली तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. आणि झटके आले, उठून बसवेना, काहीच पोटात राहिना, तर माझी वाट बघू नका. थेट दवाखाना."

"औषध आंब्याचं की डासाचं?" अक्काने खोचकपणे विचारलं.

"का? आंब्याचा काय संबंध?" म्हणत सेरीबाने वर पाहिलं. बाफिंग बुंध्याभोवती फिरून पहिला घाव कुठे घालावा हे बघत होता.

सेरीबाला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. तो सावकाश उठला, आंब्याकडे गेला, बुंध्याला पाठ लावून बसला आणि त्याने दोन्ही पाय लांब पसरले.

"घाल," तो बाफिंगला म्हणाला. "घाल ना घाव. त्राओरे बसलाय खाली. जाराने त्राओऱ्यावर कुऱ्हाड उगारलेली या गावाने अजून पाहिलेली नाही. पाहू दे एकदा."

बाफिंगने अक्काकडे पाहिलं. अक्काने आकाशाकडे. पोरं खिदळायला लागली, आणि मासारानने हसू लपवायला तोंड हौदात घातलं.

"ऊठ रे निर्लज्जा!"

"सितानआजी, माझी एक मागणी आहे. उद्याच्या जुम्म्याच्या नमाजेपर्यंत हे झाड माझं. मास्तरांना काय म्हणायचंय ते पुरतं ऐकून घे. मग तोड, मीच सरपण वाहून नेईन. आमच्या चुलीला हवंच आहे."

 सोयऱ्याचं मागणं मोडता येणार नव्हतं, हे अक्काला त्याच्यापेक्षाही चांगलं ठाऊक होतं.

"उद्या नमाज होईपर्यंत," ती शेवटी म्हणाली. "चेकुरा, तुझी शाळा तेवढाच वेळ. मला भाषण नको. मला दाखव."

*

दाखव, म्हणे! मास्तर दुपारभर चटईवर पडून विचार करत होते. झाड तुटलं तर एक झाड जाईल एवढंच नव्हतं. झाड तुटलं की सगळं घर निश्चिंत होईल. आंबा गेला, ताप गेला. मग कोणी डासाचं नाव काढणार नाही, कोणी डबकं बुजवणार नाही, आणि पुढच्या पावसात चौथं पोर, पाचवं पोर. आणि मासारान. पोटुशी बाईवर हा ताप दोघांसाठी झडप घालतो.

ऊन कलल्यावर त्यांनी अंगणातली अकराच्या अकरा पोरं आंब्याखाली गोळा केली. वासा आणि जुळी चटईवर बसून पाहणार होती.

"आज खेळ," मास्तर म्हणाले. "डास कोण होणार?"

दहा वर्षांची तेने, वासाची थोरली बहीण, सगळ्यांच्या आधी उभी राहिली.

"शाबास. पण चावणारा डास बाई असते, बाप्या नाही. बाप्या फुलांचा रस पितो. बाईला अंडी घालायची असतात म्हणून तिला रक्त लागतं."

तेनेने आईची ओढणी खांद्यावर टाकून पंख केले. मास्तरांनी एका मुलाच्या खिशात मूठभर चवळी घातली. "हा आजारी. या चवळ्या म्हणजे तापाचे किडे. इतके बारीक की हजार जमले तरी डोळ्यांना दिसत नाहीत. तेने, चाव त्याला."

तेनेने चिमटा काढला आणि एक चवळी पळवली.

"आता दुसऱ्याला चावू?"

"चावून बघ. काही होणार नाही. किडा अजून कच्चा आहे. तो तुझ्या पोटात पिकायला हवा. आंब्याला दहा फेऱ्या मार. एक फेरी म्हणजे एक दिवस."

तेने धावली. पोरं मोजत होती. दहाव्या फेरीला ती धापा टाकत थांबली.

"दम लागला ना? डासालाही लागतो. पुष्कळशा डासबाया दहा दिवस जगतच नाहीत. पण जी जगते, ती आता पिकलेला किडा घेऊन फिरते. आता चाव."

तिने एका मुलीला चिमटा काढला आणि चवळी तिच्या हातात कोंबली. मुलगी लगेच कुडकुडायला लागली.

"थांब थांब, इतक्यात नाही! किडा आधी तुझ्या पोटात उजवीकडे जाऊन लपतो. तिथे आठवडाभर एकाचे हजार होतात. तुला पत्ताही नसतो. तू आंबे खात असतेस, नाचत असतेस." मास्तरांनी तिच्या ओंजळीत आणखी चवळी ओतली. "मग ते रक्तात उतरतात, रक्तातले लाल दाणे फोडून बाहेर पडतात. तेव्हा हुडहुडी, मग भट्टीसारखा ताप, मग घाम. लाल दाणे फुटले की तळहात पांढरे पडतात. वासा, दाखव गं तुझे."

वासाने मोठ्या अभिमानाने दोन्ही तळहात दाखवले.

"म्हणजे आज ताप आला, तर डास कधी चावला होता?"

 तेनेने बोटांवर मोजलं. "खूप आधी. आठवडा, दहा दिवस, त्याहूनही आधी."

"मग काल खाल्लेल्या आंब्याने आज ताप कसा येईल?"

"नाहीच येणार!" सगळी ओरडली.

ओसरीवर भाजी निवडत बसलेल्या अक्काचे हात थांबले नाहीत, पण कान इकडेच होते. "उद्याचं उद्या," ती म्हणाली. "पोरांना खेळात काहीही खरं वाटतं."

मास्तर उत्साहात आले होते. "बरं, आता मोजू. आंबा कोणी कोणी खाल्ला?"

अकरा हात वर गेले. खुंट्याच्या बकरीनेही मान हलवली, तेव्हा पोरांनी तिलाही मोजलं.

"ताप कोणाला आला?"

तीन हात.

"मग त्या तिघांनी असं वेगळं काय केलं, जे बाकीच्या आठांनी केलं नाही?"

हा प्रश्न त्यांनी शाळेत हजारदा विचारला असेल. विचारताना उत्तर आपल्याला माहीत आहे असंच ते धरून चालत. पोरं एकमेकांकडे बघू लागली. जुळी कुठे खेळतात, वासा कुठे जाते, कोण काय खातं, यावर वाद झाला. मग तेने सहज म्हणाली, "ती तिघं तुमच्याकडे झोपतात, आजोबा."

"काय?"

"तुमच्या पडवीत. कंदिलाखाली पाढे म्हणता म्हणता तिथेच झोपतात. आम्ही मोठी घरी जातो. ती लहान आहेत म्हणून तुम्ही त्यांना उठवत नाही."

मास्तरांनी पडवीकडे पाहिलं. चटया गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या. वर आढ्याला मच्छरदाणीचा खिळा होता. खिळ्याला मच्छरदाणी नव्हती.

ती कुठे होती हे त्यांना चांगलं माहीत होतं. परसात टोमॅटोच्या रोपांवर. कोंबड्या रोपं उकरतात म्हणून त्यांनीच स्वतःच्या हाताने, चार काठ्या रोवून, अगदी नीटनेटकी ताणून लावली होती.

"आणि बाकीच्या?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "गेल्या वर्षी गावात वाटल्या तेव्हा आपल्याला सहा मिळाल्या होत्या."

"एक आईच्या पलंगावर आहे. ती दवाखान्यातून पोटातल्या बाळासाठी मिळालेली. त्या सहातली एक तुमच्या टोमॅटोवर. आणि पाच न्यागालेताईच्या पेटीत. रुखवतात."

"तेने!" न्यागाले घरातून धावत आली. "कोणी सांगितलं तुला? त्या माझ्या आहेत! आजीने ठेवल्यात. पांढऱ्याशुभ्र, घडीसुद्धा मोडलेली नाही. नव्या नवरीच्या खोलीला मच्छरदाणी नको? सासरच्या बायका काय म्हणतील?"

"एका खोलीला पाच?"

न्यागालेने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा आंब्याकडे, आणि क्षणात बाजू बदलली. "तोडा ते झाड," ती म्हणाली. "आजी सांगते तेच बरोबर आहे."

*

जुम्म्याची नमाज झाली आणि सगळं घर आंब्याखाली बसलं. सेरीबाही निळी पेटी घेऊन आला होता आणि बुंध्याच्या आपल्या जागी जाऊन टेकला होता. वासा आज खरोखरच उड्या मारत होती. मासारान तिला धरून दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या भरवत होती.

बैठक सुरू व्हायच्या आतच तेने एक पेला घेऊन आली आणि तो अक्काच्या समोर ठेवला. गढूळ पाण्यात बारीक काळपट अळ्या पाण्याला समांतर, आडव्या तरंगत होत्या. पेला हलला की वळवळून तळाला जात.

"ही डासांची पोरं. अशी आडवी झोपतात ती तापाच्या डासांची," तेने म्हणाली.

"कुठून आणलीस?"

तेनेने बापाकडे पाहिलं. बाफिंगने मान खाली घातली. शेवटी मासारान बोलली. सासरी आल्यापासून अकरा वर्षांत थोरल्यांच्या बैठकीत ती पहिल्यांदा बोलत होती, आणि आवाज अजिबात कापत नव्हता.

"आत्याबाई, लहान तोंडी मोठा घास घेते. भिंतीपलीकडे चक्कीच्या खोलीसाठी विटा पाडायला यांनी खड्डे खणलेत. चार महिने झाले. विटा पाडल्या दहा. खड्डे पाण्याने भरले. आता आंबा तोडून तिथे चक्की येणार आहे, असं मला कळलं. चक्की येईल तेव्हा येईल. डास आलेत."

"मासारान—" बाफिंग म्हणाला.

"मी काही बोलले नाही," मासारान म्हणाली. "मी पेल्याबद्दल सांगितलं."

पोरं हसली. अक्काने हसू दाबलं, पण तेवढ्याने ती वळणारी नव्हती. "खड्डे बुजव बाफिंग, ते आजच. पण चेकुरा, माझा प्रश्न तसाच आहे. डासानेच ताप येतो तर मला का येत नाही? तुला का येत नाही? बारा वर्षांत तू एकदाही आडवा झालेला मला आठवत नाही."

आता बोलावं लागणार होतं. मास्तरांनी रात्रभर ठरवलं होतं, तरी ते सोपं नव्हतं. चाळीस वर्षं वर्गापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःची चूक फळ्यावर लिहायची सवय नसते.

"अक्का, ती तिन्ही पोरं माझ्या पडवीत झोपत होती," ते म्हणाले. "मी त्यांना डासांचा धडा शिकवला आणि उघड्यावर झोपवलं. माझी मच्छरदाणी टोमॅटोवर आहे."

 सेरीबाने कपाळाला हात लावला.

"टोमॅटोवर! टोमॅटोंना ताप येईल म्हणून? अरे देवा, जारांच्या घरात टोमॅटो मच्छरदाणीत झोपतात आणि पोरं बाहेर!"

हशा उसळला. अक्का तर पोट धरून हसली. सेरीबा सुई घेऊन पुढे सरकला.

"मास्तर, बोट द्या."

"मला ताप नाही रे."

"त्राओरे मागतोय. नाही म्हणता येत नाही."

मास्तरांनी बोट दिलं. थेंब पट्टीवर पडला. पंधरा मिनिटं सगळं घर त्या पट्टीभोवती डोकी लावून बसलं, जणू त्यातून कोणी बाहेर येणार होतं. हळूहळू एक रेघ आली. आणि तिच्याशेजारी, फिकट पण स्वच्छ, दुसरी.

"आजोबांना चवळी आहे!" जुळी एकदम किंचाळली.

"म्हणजे?" अक्काचं हसणं थांबलं. "याला ताप नाही, आणि आजार आहे?"

"हेच तुझं उत्तर, सितानआजी," सेरीबा म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "सत्तर वर्षं चावून चावून मास्तरांच्या रक्ताला या किड्यांशी भांडायचं वळण पडलंय. ते त्यांना दाबून ठेवतं, पुरतं हाकलू शकत नाही. म्हणून ताप येत नाही. तुझंही तसंच असेल. पण पडवीतला डास मास्तरांना चावला, त्यांच्यातला किडा घेऊन दहा-बारा दिवस फिरला, आणि मग शेजारी झोपलेल्या पोरांना चावला. लहान पोराच्या रक्ताला भांडता येत नाही अजून."

मास्तरांनी हा शेवटचा दुवा रात्री जोडला नव्हता. चटई आपली, कंदील आपला, आणि किडाही आपलाच. ते वासाकडे पाहत राहिले. वासा जवळ आली आणि स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "कडू आहेत. पण तीन दिवसच असतात."

अक्का पट्टीकडे बघत होती. 

"मग आंबा नाही," ती म्हणाली.

"नाही, अक्का."

"कधीच नव्हता?"

"कधीच नाही. पावसाने डबकी होतात, डबक्यांत डास होतात. आंबा त्याच दिवसांत पिकतो, एवढाच त्याचा दोष."

"ज्या वर्षी तू शिकायला सेगूला होतास," अक्का म्हणाली, "त्या वर्षीही नाही?"

मास्तरांच्या आत्ता लक्षात आलं. पन्नास वर्षं झाली. अक्काचं पहिलं पोर, चार वर्षांचं, सुमायाने गेलं तेव्हा ते इथे नव्हते. परत आले तेव्हा कोणीच काही बोलत नव्हतं, आणि अक्काने आंबा खायचं सोडलं होतं. त्यांना वाटलं होतं, दुःखाने सोडला असेल.

"मीच दिला होता त्याला," अक्का म्हणाली. "याच झाडाचा. आदल्या दिवशी. तो नाचत आला, मी पिकलेला बघून, पिळून मऊ करून, टोक चावून हातात दिला. दुसऱ्या दिवशी झटके आले. पन्नास वर्षं मी या झाडाकडे बघतेय आणि माझ्या हाताकडे बघतेय."

 सेरीबा बुंध्यापासून सरळ होऊन बसला होता. मास्तरांनी बहिणीचा हात हातात घेतला. त्यांना पुष्कळ काही समजावून सांगता आलं असतं, सगळं त्यांना पाठ होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी छोटं उत्तर दिलं.

"तू त्याला आंबा दिलास, अक्का. बस्. त्याला आवडायचा म्हणून दिलास."

अक्काने डोळे पुसले, ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि खाकरली. घरातला शेवटचा शब्द तिचा होता आणि तो तिला अजून द्यायचा होता.

"झाड राहील. बाफिंग, खड्डे. न्यागाले, पेटी उघड."

"आजी! सासरी मी काय घेऊन जाऊ?"

"एक घेऊन जा. आणि तिच्यात झोप. माझं पणतवंड कुडकुडत जन्माला आलेलं मला चालणार नाही. चार आज पोरांच्या चटयांवर लागतील."

"आणि टोमॅटो?" मास्तरांनी विचारलं.

"टोमॅटोंना त्राओरे राखतील. त्यांना तसाही काही कामधंदा नाही."

"जारांच्या कोंबड्या माझं ऐकतील की नाही कोण जाणे," सेरीबा म्हणाला. "त्यांच्याही पोटात चवळीच."

हळूहळू अंगण पुन्हा वाजू लागलं. घडी न मोडलेल्या मच्छरदाण्या पेटीतून निघाल्या, आणि कापडातल्या औषधाचा उग्रपणा जावा म्हणून त्या आधी सावलीत वाऱ्यावर टांगायच्या असतात हे मासारानने सर्वांना दोनदा बजावलं. न्यागाले रुसून बसली आणि मग स्वतःच दोऱ्या बांधायला आली, कारण बाकीच्यांच्या गाठी तिला बघवेनात. भिंतीपलीकडून बाफिंगच्या फावड्याचा आवाज येत होता, मधेमधे त्याच्या कुरकुरीचाही.

वासा मात्र अक्काच्या गुडघ्याला टेकून उभी होती. "अक्काआजी," तिने विचारलं, "तुझ्या त्या मुलाचं नाव काय होतं?"

 पन्नास वर्षांत या अंगणात ते नाव कोणी घेतलं नव्हतं.

"दोसे," अक्का म्हणाली. पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, जणू हाक मारून बघावी तसं म्हणाली, "दोसे." मग तिने वासाला मांडीवर ओढलं. तेने आली, जुळी आली, बाकीची पोरंही येऊन चिकटली. "फार वांड होता. एका आंब्याने त्याचं कधी भागलं नाही. दोन हातांत दोन घ्यायचा, आणि तिसरा मला धरून उभं राहायला लावायचा. मी उभी राहायचे. सगळी कामं टाकून, तो खाऊन संपेपर्यंत, आंबा धरून उभी."